ते दोन बॉक्स उघडू नकोस

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझा रात्री पावणेदोनचा मेसेज सकाळी चहा टाकताना वाचला. आठवड्यात सात साड्या परत, त्यातल्या पाचांचे पैसे कापले, दोन बॉक्स अजून शिलाई मशीनखाली तसेच बंद. तू त्या ऑनलाइन बाजारपेठेवरचं विक्रीचं अकाउंट बंद करणार. आणि त्या ठाण्याच्या बाईंचा पत्ता नि फोटो फेसबुकच्या ग्रुपवर टाकणार.

आधी हे शेवटचं. पत्ता टाकू नकोस. टाइप करून ठेवला असशील तर खोड. त्यांनी साडी नेसून परत केली हे तुला ठाऊक आहे, पण दाखवता येत नाही. तू त्यांचा पत्ता चव्हाट्यावर मांडलास हे मात्र एका स्क्रीनशॉटने दाखवता येईल. बाजारपेठेच्या ज्या करारावर आपण टिक करतो त्यात ग्राहकाची माहिती ऑर्डर पोचवण्यापुरतीच वापरायची, असं असतं. मग तुझं अकाउंट तू बंद करायच्या आधी बाजारपेठवालेच करतील.

आणि ते दोन बॉक्स उघडू नकोस. का, ते सांगते.

शिवलेल्या नऊवाऱ्या विकायच्या आणि पाडव्यानंतर रिटर्न येऊ नयेत, हे जरा अवघडच. गिरगावात, डोंबिवलीत शोभायात्रा निघतात, बुलेटवर नऊवारी, फेटा, नथ आणि वर गॉगल. दुसऱ्या दिवसापासून रिटर्नची रांग. हे आता पंचांगात छापायला हरकत नाही. तू पाठवलेला फोटो मी बोटांनी मोठा करून पाहिला. ओच्यापाशी सेफ्टी पिनची दोन भोकं, निऱ्यांच्या तळाला रस्त्याची काळी रेघ आणि काठावर हळदीचं एक बोट उमटलेलं. आणि कारण काय दिलंय? साइज बसला नाही. बोटं ओढण्याइतका वेळ बसला होता की!

राग येणारच. मलाही आला.

आमचं भांड्यांचं दुकान तांबाकाट्यापाशी होतं तेव्हाही माल परत यायचा. कुणी तांब्या घेऊन आलं, म्हणालं गळतो, तर मामंजी वाद घालत नसत. तांब्या काठोकाठ भरायचा, गल्ल्याशेजारी वर्तमानपत्राच्या कागदावर ठेवायचा आणि गिऱ्हाइकाला चहा सांगायचा. चहा संपेस्तोवर कागद ओला झाला तर नवा तांब्या. कोरडा राहिला तर गिऱ्हाईक आपणहून उठायचं, ‘घरी पुन्हा बघते’ म्हणत. कुणी कुणाला खोटं म्हणायचं नाही. निकाल कागद द्यायचा.

ऑनलाइनवर निकाल देणारा माणूस दुसऱ्याच गावात बसलेला. त्याने तुझी साडी हातात घेतलेली नाही, त्या बाईंना पाहिलेलं नाही, आणि त्याच्यापुढे क्लेमची, म्हणजे विक्रेत्यांच्या भरपाईच्या मागण्यांची, रास आहे. तो स्क्रीनवर दिसेल तेवढंच पाहणार. तेव्हा तो कागद आपणच अंथरायचा असतो, तोही पार्सलला चिकटपट्टी लावताना. साडी परत आल्यावर अंथरून उपयोग नाही. इतकंच मला तुला सांगायचंय, बाकीचं पत्र त्याचाच पसारा आहे.

माझी समईची गोष्ट तुला अर्धीच माहीत आहे. दिवाळीच्या आधी ऑनलाइन विकलेली दोन फुटी पितळी समई गेली होती, पॅकिंगसकट पावणेचार किलो. परत आलेला बॉक्स उचलला तेव्हाच हाताला कळलं. आत जुनी चादर, चादरीत गुंडाळलेला गंजका तवा. ग्राहकाला रिफंड केव्हाच देऊन झालेला. मी क्लेममध्ये दीड पान संताप लिहिला, आमच्या तीन पिढ्या काढल्या, तव्याचा फोटो जोडला. उत्तर आलं एका ओळीत, पुरावा अपुरा. तव्याच्या फोटोत लेबलच नव्हतं. तो तवा आमच्या स्वयंपाकघरातला नाही, हे त्या माणसाला कसं कळावं?

तारलं ते भाच्याच्या एका सवयीने. वजन जास्त लावून जादा भाडं कापतात, त्यावर भांडायला म्हणून तो प्रत्येक बंद पार्सलाचा काट्यावर फोटो काढायचा, लेबल आणि वजनाचे आकडे एकाच चौकटीत. मग मी सेटलमेंटचा, म्हणजे बाजारपेठेने पाठवलेल्या हिशेबाचा, कागद काढला. जाताना चार किलोचं भाडं कापलेलं, येताना दोन किलोचं. त्यांच्याच हिशेबाप्रमाणे पितळेची समई वाटेत दोन किलो वाळली होती! अपील केलं ते तीन वाक्यांत. हे जातानाचं वजन, हे येतानाचं तुम्हीच लावलेलं, हा काट्यावरचा फोटो. समईचे पैसे मिळाले. भाडं मिळालं नाही, त्याच्यावर मी पाणी सोडलं.

तुझी साडी नेसल्याने हलकी होत नाही, त्यामुळे काटा तुला अदलाबदल पकडायलाच उपयोगी. नेसून परत करणारीसाठी टॅग लाव. आत कमरेला नको, तो लपवून मिरवता येतो. पदराच्या दर्शनी टोकाला, हातभर अंतरावरून दिसेल असा, एकदा काढला की पुन्हा न लागणारा. टॅगवर मराठीत आणि इंग्रजीत छाप की हा निघाला असेल तर साडी न वापरलेली धरली जाणार नाही. कमरपट्टीच्या आत कापडी पेनाने छोटा अनुक्रमांक घाल आणि तो वहीत ऑर्डर नंबरासमोर लिही. दुसरीच साडी परत आली तर नंबर बोलेल.

आता परत आलेला बॉक्स. तो उघडताना एकच सलग व्हिडिओ, मध्ये थांबवायचा नाही. आधी रिटर्नचं लेबल, त्यावरचा नंबर वाचता येईल एवढं जवळून. मग बॉक्सच्या सहाही बाजू, मग काटा, मग पट्टी कापायची, साडी बाहेर, टॅगची जागा, अनुक्रमांक, डाग. बोलायचं कमी. ‘बघा बघा काय करून ठेवलंय’ हे माझ्या पहिल्या व्हिडिओत आठ वेळा आहे, भाचा अजून चेष्टा करतो. मूळ फाइल फोनमधून उडवू नकोस. व्हॉट्सअॅपवरून पाठवलेला व्हिडिओ दाबून लहान केला जातो, तो मूळ राहत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे, त्याच्या कलम ६३ प्रमाणे असा व्हिडिओ कोर्टात द्यायचा तर सोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलची हॅश, म्हणजे बोटाच्या ठशासारखी तिची आकडे-अक्षरांची खूण, नोंदवावी लागते. एका साडीसाठी तू कोर्टात जाणार नाहीस, मीही जा म्हणणार नाही. पण कुणी ठरवून दहा साड्या बदलल्या तर पोलीस ठाण्यात जावंच लागेल. फसवणुकीचं कलम आता भारतीय न्याय संहितेतलं ३१८ आहे, जुनं ४२० गेलं. आपल्या बोलण्यातून काही ते जायचं नाही.

तू लिहिलंस की सगळे कायदे ग्राहकाच्या बाजूचे. थोडं नीट बघ. ग्राहक संरक्षण ई-कॉमर्स नियम जुलै २०२० मध्ये आले. त्यात विक्रेत्याने माल परत घ्यायलाच हवा अशी प्रकरणं सांगितली आहेत: माल सदोष, बनावट, जाहिरातीत सांगितल्यासारखा नसलेला, किंवा सांगितलेल्या मुदतीनंतर पोचलेला. मिरवून आलेली धडधाकट साडी त्यात बसत नाही. ती परत घ्यायला लावते ती त्या बाजारपेठेची स्वतःची पॉलिसी, आणि तिला आपण करारात हो म्हटलेलं असतं. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात, ही मुदतही त्या नियमांत ग्राहकाच्या तक्रारीसाठी आहे. आपल्यासाठी घड्याळ करारातलंच. म्हणून या रविवारी तो करार काढ. रिटर्नची कलमं, क्लेमची मुदत आणि लवाद कुठल्या शहरात, एवढी तीन पानं पेन घेऊन वाच. क्लेमची मुदत मोजक्या दिवसांची असते, तुझ्या पाचांतल्या किती अजून त्यात आहेत ते आजच बघ.

आता तुला न आवडणारी गोष्ट. सातही बायका लबाड नाहीत. तू पाठवलेली रिटर्नची कारणं मी पुन्हा वाचली, त्यातल्या तिघींनी जवळजवळ एकच लिहिलंय, कमरेला होते पण उंचीला आखूड. तुझ्या साइजच्या तक्त्यात कंबर आहे, उंची नाहीच. नऊवारी घोट्याच्या वर गेली तर कोण ठेवेल? माझंही असंच झालं होतं. नऊ इंची समईचा फोटो भाच्याने इवल्याशा निरांजनाशेजारी काढला, ती देवळातल्या समईएवढी दिसायची. लोक परत पाठवायचे आणि मी लोकांना नावं ठेवायची. शेवटी फोटोत शेजारी माझा हात ठेवला, बांगड्यांसकट. परत येणं निम्म्याहून कमी झालं.

तरी थोडं नुकसान राहणारच. दुकानात मोडतोड धरायचे तशी ती किंमत आधीच धर. समज, १०० साड्या गेल्या, २० परत आल्या. प्रत्येकीमागे येण्याजाण्याचं भाडं, धुलाई, इस्त्री आणि नवं पॅकिंग मिळून २३० रुपये, म्हणजे ४,६००. त्यातल्या तीन पुन्हा विकण्याजोग्या नाहीत, ९०० च्या पडतळीने २,७००. झाले ७,३००. हे टिकलेल्या ८० साड्यांवर वाटले तर साडीमागे सव्वाएक्याण्णव रुपये. तुझ्या किमतीत आज शून्य धरलेत. म्हणून प्रत्येक रिटर्न खिशातून गेल्यासारखा लागतो, आणि तो जातोही. आकडे तुझे घाल, मी अंदाजाने लिहिलेत. त्यात आरटीओ वेगळं धर, म्हणजे दारातूनच परत फिरलेली पार्सलं. यांना पहिल्यांदा ऐकून वाटलं होतं गाडीचं लायसन्स रद्द झालं.

कराचं तुझ्या सीएला विचार, मी दोनच ओळी लिहिते. परत आलेल्या मालाची क्रेडिट नोट, म्हणजे बिलाची रक्कम कमी करणारा कागद, वेळेत लाव, नाहीतर न झालेल्या विक्रीवर जीएसटी भरशील. आणि बाजारपेठ तुझ्या नावावर कापते तो जीएसटीपोटी ०.५ टक्का टीसीएस आणि प्राप्तिकरापोटी ०.१ टक्का टीडीएस तुझेच पैसे आहेत, ते मागून घे.

अकाउंट बंद करायचं की नाही, ते गणपतीपर्यंत थांबून ठरव. तोवर काठापदराची भारी साडी तिथून काढून घे, ती प्रदर्शनात आणि ओळखीत विक, तिथे हात लावून घेतात आणि ठेवतात. हलक्या राहू देत ऑनलाइन. फक्त पार्सलात आपला नंबर लिहिलेली चिठ्ठी टाकायचा मोह आवर. बहुतेक करारांत त्याला बंदी असते, आणि ती चिठ्ठी पकडली गेली तर तुझे सगळे टॅग आणि व्हिडिओ धुळीला मिळतील.

गुरुवारी ये, दुपारी चारनंतर. ते दोन बॉक्स जसे आलेत तसे घेऊन ये, चिकटपट्टीलाही हात लावू नकोस. काटा माझ्याकडे आहे, भाच्याला थांबवून घेते फोन धरायला. बॉक्स तू काप, मी गप्प बसेन. निदान प्रयत्न करेन.

तुझी
काकू

ता. क. येताना क्रॉफर्ड मार्केटला उतरून अब्दुल रेहमान स्ट्रीटवरून चक्कर मार. आपल्या नावाची छापील चिकटपट्टी करून मिळते का विचार. कुणी मधेच बॉक्स उघडून साधी खाकी पट्टी लावली तर लगेच कळतं. माझ्यासाठीही दोन रोल.