कारखान्यातले प्रश्न : टीप लवकर का जाते?

प्रश्न : बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) लेथवर एसजी ५००/७ या चिवट बिडाच्या कास्टिंगचं टर्निंग करतो, म्हणजे जॉब फिरवून तो कापतो. एका शोधनिबंधात वेग मिनिटाला २०० मीटर दिला होता. तो लावला तर दहा-बारा जॉबमध्येच टीप (टूलवर बसवलेला, बदलता येणारा कापणारा तुकडा) जाते. निबंध चुकीचा म्हणायचा का?

उत्तर : निबंध बरोबर असू शकतो. असे प्रयोग बहुतेक वेळा साल (कास्टिंगचा वरचा खरबरीत थर) काढलेल्या, एकसारख्या कडकपणाच्या गोल तुकड्यावर करतात. तुमच्या जॉबला फाउंड्रीची साल आहे, तिच्यात वाळू रुतलेली आहे, पातळ कडा लवकर थंड झाल्याने कडक झालेल्या आहेत. त्यामुळे निबंधातला आकडा ही फक्त सुरुवात समजा.

आधी गेलेली टीप वीसपट भिंगाखाली बघा, ती स्वतःच कारण सांगते. बाजूची झीज सरळ, एकसारखी पट्ट्यासारखी असेल तर वेग जास्त आहे. कटच्या खोलीच्या रेषेवरच खाच पडली असेल तर दोष सालीचा. पहिला कट अर्धा मिमीचा घेतला तर टोक सगळा वेळ सालीतच घासत राहतं. मटेरियल पुरत असेल तर २ मिमी घ्या, म्हणजे टोक सालीखालच्या चांगल्या धातूत चालेल. धार कपच्यांनी तुटली असेल तर जॉबची पकड, टूलचा लोंबता भाग आणि तुटक कट तपासा. रफिंगला (पहिल्या जाड कटला) चिपब्रेकर, म्हणजे चिप तोडणारी खाच नसलेली, सपाट सीएनएमए प्रकारची टीप वापरा, तिची धार दणकट असते. धारेला काटकोनात बारीक भेगा दिसल्या तर कूलंट कधी लागतं, कधी लागत नाही असं होतंय. एकतर धो धो सोडा नाहीतर पूर्ण बंद ठेवा. बंद ठेवलंत तर धूळ ओढणारा पंखा हवाच.

आता वेगाचं गणित. वेग आणि टीपेचं आयुष्य यांना जोडणारं, अमेरिकन इंजिनिअर टेलरने १९०७ साली मांडलेलं सूत्र आजही कामाला येतं. कार्बाइडच्या टीपेसाठी त्यातला आयुष्याचा घातांक साधारण ०.२५ धरतात. म्हणजे वेग २०० वरून १६० केला, तर टीपेचं आयुष्य जवळपास २.४ पट होतं. १०० मिमी व्यासावर हे ६३७ वरून ५०९ आरपीएमवर येणं. एका जॉबचा कटिंगचा वेळ पाव पटीने वाढेल खरा, पण टीप बदलायला मशीन थांबतं तो वेळही मोजा.

चाचणी एका धारेवर करू नका, किमान पाच धारांवर करा. दर पाच जॉबनंतर बाजूची झीज मोजा आणि सरासरी ०.३ मिमी झाली की धार बदला. पाचही धारा सारख्या झिजल्या तर वेग ठरवता येतो. एक तीस जॉब आणि दुसरी आठ जॉब चालली, तर वेगाला हात लावू नका. कास्टिंगच एकसारखं नाही. कोपऱ्यावर कानस घसरत असेल तर तिथे बिडातच लोखंडाचं कठीण कार्बाइड तयार झालंय. इनॉक्युलेशन (असं कार्बाइड होऊ नये म्हणून ओतताना रसात घालायची मिश्रधातू) बघायला फाउंड्रीला सांगा, लेथवर त्याला उपाय नाही.

प्रश्न : मी खानापूरची, मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. टायटॅनियमचं टर्निंग द्रव नायट्रोजनने करावं असा प्रोजेक्ट ठरतोय. नऊ प्रयोग पुरतील का?

उत्तर : विषय चांगला आहे. टायटॅनियमच्या मिश्रधातूतून उष्णता साध्या पोलादाच्या सातव्या हिश्शाइतकीच वाहते, म्हणून ती धारेशीच साचते. उणे १९६ अंशांचा नायट्रोजन तिथे थेट पोचला तर फरक पडतो. पण एक लिटर द्रवाचा सुमारे ७०० लिटर वायू होतो आणि बंद खोलीतला ऑक्सिजन कमी पडतो. हवा खेळती असल्याशिवाय आणि ऑक्सिजन मोजणारं यंत्र असल्याशिवाय हे करू नका. सोय नसेल तर तासाला ५० ते १०० मिलिलिटर तेलाची फवारणी घ्या, तुलनेसाठी तीही पुरेशी आहे.

वेग, फीड (एका फेऱ्यात टूल किती सरकतं) आणि कटची खोली यांच्या तीन-तीन पातळ्यांना एल-९ ही नऊ प्रयोगांची ठरावीक मांडणी बसते. मात्र दोन गोष्टींचा एकत्रित परिणाम त्यातून वेगळा काढता येत नाही. प्रत्येक प्रयोग नव्या धारेवर, दोनदा आणि क्रम उलटसुलट करून घ्या. शेवटी सर्वोत्तम निघालेली जोडणी पुन्हा चालवून बघा, बरेच प्रोजेक्ट हेच विसरतात. टायटॅनियमची बारीक चिप पेटली तर पाणी मारायचं नाही. कोरड्या वाळूची बादली मशीनजवळ ठेवा.

प्रश्न : निपाणीहून. वायरकटवर (तारेतून ठिणग्या पाडून धातू कापणाऱ्या मशीनवर) कास्टिंग कापताना वायर सारखी तुटते.

उत्तर : आत वाळूचा कण असेल. वाळूतून वीज वाहत नाही, तिथे ठिणगी पडत नाही आणि वायर अडते. त्या जागी विजेच्या दोन पल्समधला बंद वेळ वाढवा, फीड कमी करा, वरचं-खालचं नोझल जॉबला जवळ आणा. तरीही त्याच ठिकाणी तुटत असेल तर तुकडा फोडून आत बघा.