घटस्फोट मला परवडेल का?

गेल्या काही वर्षांत माझ्या गोव्यातल्या फोंड्याच्या समुपदेशन केंद्रात येणाऱ्या स्त्रिया नवऱ्याविषयी जितके बोलतात, त्याहून अधिक पैशांविषयी बोलतात. ‘ताई, वेगळं व्हायचं ठरवलं तर किती खर्च येईल?’ हा प्रश्न डिचोलीहून येतो, पेडण्याहून येतो, सावर्ड्याहूनही येतो, आणि विचारणारीच्या मनात उत्तर आधीच तयार असते : परवडणार नाही. मी वकील नाही. कायद्याचा सल्ला देणे हे माझे काम नव्हे. परंतु जो आकडा कधी कागदावर उतरलाच नाही, त्याची धास्ती खऱ्या आकड्याहून मोठी होत जाते, हे मी इतक्यांदा पाहिले आहे की त्यातला एक अनुभव सविस्तर लिहावासा वाटला. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

चाळिशी ओलांडलेल्या या बाई एका खासगी शाळेत तुटपुंज्या पगारावर शिकवत होत्या. नवऱ्याचे बांधकाम साहित्याचे दुकान, दोघांच्या नावावर घेतलेला आणि अजून हप्ते चालू असलेला फ्लॅट, सासरच्या मूळ घरात दिरांचे न वाटलेले हिस्से आणि बारावीतली मुलगी, असा त्यांचा संसार होता. पहिल्याच भेटीत त्या म्हणाल्या, “माझ्याकडे काहीच नाही. दुकान त्यांचं, पैसा त्यांचा. त्यांचं उत्पन्न किती, हेसुद्धा मला ठाऊक नाही.”

“काहीच नाही, हे तुम्ही मोजून सांगताय की मानून?”

त्यांना राग आला. तो येणार, हे मला अपेक्षित होते. माणसाच्या दुःखाला पुरावा मागू नये, पण दुःखाला चिकटलेल्या गृहीतकाला अवश्य मागावा, अशी माझी कामाची पद्धत आहे आणि अनेक वर्षांच्या अनुभवानंतरही ती बदलावी असे मला वाटलेले नाही. पुढच्या काही भेटींत आम्ही घटस्फोटाविषयी जवळजवळ बोललोच नाही. कोणते कागद कोणत्या कपाटात आहेत, एवढेच बोललो. एकदा मी सहज विचारले, “तुम्ही आयकराचं रिटर्न भरता का?”

“दरवर्षी त्यांचे सीए सही घेतात. मी काही वाचत नाही.”

“तुमचा पगार तर कराच्या मर्यादेखाली आहे. मग तुमचं रिटर्न कशाचं?”

त्या बराच वेळ गप्प राहिल्या. पुढच्या भेटीला येताना त्यांनी गेल्या काही वर्षांची विवरणपत्रे छापून आणली होती, आणि खुर्चीत बसण्याआधीच त्या म्हणाल्या, “ताई, दुकानाचा निम्मा नफा माझ्या नावावर आहे! आणि मी म्हणतेय, मला ह्यांचं उत्पन्न ठाऊक नाही!” इतके बोलून त्या मोठ्याने हसल्या. माझ्यासमोर त्या हसल्याची ती पहिलीच वेळ होती.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. १८६७ची पोर्तुगीज नागरी संहिता इथे १८७० पासून लागू झाली. विवाहापूर्वी नोटरीसमोर वेगळा करार केलेला नसेल तर तिच्या अन्वये पती-पत्नीची मालमत्ता सर्वसाधारणपणे सामाईक ठरते आणि त्यात प्रत्येकाचा अर्धा वाटा असतो. स्थावर मिळकत विकायची झाल्यास दुसऱ्याची संमती लागते, ती याचमुळे. आयकर कायद्यातील खास तरतुदीनुसार (१९६१च्या कायद्यात ती कलम ‘५-अ’ म्हणून होती) अशा जोडप्याचे पगाराव्यतिरिक्तचे उत्पन्न दोघांत समान विभागून करासाठी दाखवले जाते. म्हणजे ज्या बाई स्वतःला आश्रित समजत होत्या, त्यांना कायदा दरवर्षी हिस्सेदार म्हणून मोजत होता आणि त्यावर त्यांचीच सही होती. त्या दिवशी माझ्याही लक्षात आले की ‘मला परवडणार नाही’ म्हणणाऱ्या कित्येकींनी आपल्याच नावाचे कागद कधी उघडलेले नसतात. तेव्हापासून मी जवळपास प्रत्येकीला विवरणपत्राविषयी विचारते.

अर्थात लंबक लगेच दुसऱ्या टोकाला गेला. “मग अर्धं माझं. फ्लॅट तर मी सोडणारच नाही,” असे त्या म्हणू लागल्या. अर्धा वाटा म्हणजे अर्धी रोकड नव्हे, हे समजावण्यात आमच्या अनेक भेटी गेल्या. संसारासाठी काढलेले कर्जही हिशेबात येते. सासरच्या मूळ घरात नवऱ्याचा जो हिस्सा आहे, तेवढाच विचारात घेता येतो, आणि न वाटलेल्या हिश्शावर उद्याचे भाडे भागत नाही. शिवाय दोघांत काहीही ठरले तरी बँकेला ते बांधील नसते. कर्जावर दोघांच्या सह्या आहेत तोवर तिच्या लेखी दोघेही देणेकरी. मी विचारले, “फ्लॅट हवा आहे, की फ्लॅट मिळायलाच हवा?” यातला फरक त्यांना उमगला, तेव्हा हप्ता, सोसायटीचे मासिक शुल्क आणि घरपट्टी यांची बेरीज पगाराशेजारी लिहिण्याचे धैर्य त्यांना आले. बेरीज पगाराहून मोठी निघाली.

घटस्फोटाचा खरा खर्च क्वचितच वकिलाच्या फीचा असतो. एका चुलीच्या दोन चुली होतात, दोन भाडी, दोन वीजबिले येतात, आणि नवऱ्याच्या कौटुंबिक आरोग्य विम्यातून नाव गेले की स्वतंत्र पॉलिसी घ्यावी लागते, हा खर्च दर महिन्याचा असतो. फीबद्दल मी एवढेच सांगते की ती तारखेप्रमाणे आहे की एकूण, हे आधीच लिहून घ्यावे. मिळणाऱ्या रकमेचा टक्का फी म्हणून ठरवणे बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत बसत नाही. आणि १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर साहाय्य मागता येते. हे सुशिक्षित घरांतूनही फारसे ठाऊक नसते, किंवा ठाऊक असूनही ते मागणे कमीपणाचे वाटते. मला त्यात कमीपणा दिसत नाही.

पोटगीचा दावा झाल्यास दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता आणि देणी प्रतिज्ञापत्रावर जाहीर करावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालात सांगितले आहे. तेव्हा लपवण्यासारखे आपल्याकडेही काही नसावे. एकरकमी पोटगी सामान्यतः करपात्र धरली जात नाही, दरमहा मिळणारी उत्पन्नात मोजली जाते, म्हणून आकडा मान्य करण्यापूर्वी स्वतःच्या सीएला विचारावे. नवऱ्याच्या नव्हे. घटस्फोटाचा हुकूमनामा मिळाला म्हणून वाटणी आपोआप होत नाही, हेही लक्षात ठेवावे. एकमत झाले नाही तर इन्व्हेंटरीची, म्हणजे मालमत्तेची यादी करून न्यायालयामार्फत वाटणी करण्याची, वेगळी कार्यवाही करावी लागते, आणि एखाद्या स्टीलच्या कपाटावरून तिथे वर्षे घालवणारी माणसे मी पाहिली आहेत.

बाईंनी शेवटी स्वतःच मांडणी केली : फ्लॅट विकावा, बँकेचे देणे फेडावे, उरलेले वाटून घ्यावे आणि मुलीच्या पुढील शिक्षणाचा खर्च पोटगीत न मिसळता वेगळ्या कलमात लिहून घ्यावा. नवऱ्याने पहिल्या दोन गोष्टी मान्य केल्या आहेत. तिसऱ्यावर दुकानाच्या कर्जावरून बोलणी अडली आहेत. अर्ज अजून दाखल झालेला नाही, मात्र दुकानाच्या ताळेबंदाची प्रत बाईंच्या वकिलाकडे पोहोचली आहे आणि या वर्षीच्या विवरणपत्रावर त्यांनी ते पूर्ण वाचल्यानंतरच सही केली.