पाऊण तासात मान भरून आली, हे तुम्हीच लिहिलंय

फोंड्याच्या एका वाचकाचं पत्र थोडक्यात असं. वय ३१, वेर्ण्याला औषध कंपनीत नोकरी, हातात पगार ५८,०००. घर स्वतःचं, आईवडील सोबत. घरखर्च ३२,०००, स्कूटरचा हप्ता ४,२००, एसआयपी ८,०००, बँकेत ९०,०००. बंगळुरूला मित्राकडे त्यांनी सेनहायझर एचडी ८०० एस आणि ऑडेझी एलसीडी-एक्स असे दोन हेडफोन ऐकले आणि झोप उडाली. आता १,४०,००० चा एचडी ८०० एस आणि ३५,००० चा अँप (म्हणजे हेडफोनला जोर देणारा अँप्लिफायर), १२ महिन्यांच्या ‘नो कॉस्ट’ हप्त्यावर घ्यायचा विचार आहे. घेऊ का?

हप्त्यावर नको. तुमचेच आकडे मांडतो. सगळं वजा जाता महिन्याला १३,८०० उरतात आणि हप्ता येतो १४,५८३. म्हणजे पहिल्याच महिन्यात एसआयपीला हात लागणार. बँकेतले ९०,००० तीन महिन्यांच्या घरखर्चालाही कमी पडतात, त्यामुळे तिथून उचलायचे नाहीत.

‘नो कॉस्ट’ या शब्दाला भुलू नका. बँक व्याज लावतेच, फक्त तेवढी सूट आधी किमतीतून वजा दाखवतात. १५ टक्के दर धरला तर वर्षाचं व्याज साधारण १३,४०० होतं. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी २,४०० च्या आसपास, तो तुमच्याच माथी. प्रोसेसिंग फी वेगळी. रोख दिले तर तीच सूट मिळते का, हे दुकानदाराला विचारून बघा. त्याचा चेहराच बोलेल.

आता आवाजाकडे येतो, कारण खरा प्रश्न तिथेच आहे. तुम्ही लिहिता, एलसीडी-एक्सचा तबला छातीत वाजला, पण पाऊण तासात मान भरून आली. येणारच. तो ६१२ ग्रॅमचा आहे. त्यातल्या पातळ पडद्यामागे जड चुंबकं असतात. एचडी ८०० एस केबल सोडून ३३० ग्रॅम, कप एवढे मोठे की कान कुठेच टेकत नाही. मैफल समोर मांडून ठेवावी तसा तो ऐकवतो, यात वाद नाही. पण मित्राकडे तुम्ही तो अर्धा तास ऐकलात, आणि घरी रोज रात्री दोन तास ऐकणार आहात. शिवाय तुम्हाला चष्मा आहे. काडीमुळे पॅड कानाभोवती नीट बसत नाही आणि खालचे सूर निसटतात. एलसीडी-एक्सला हे जास्त जाणवतं.

आणि ऐकणार काय? केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकरांच्या जुन्या तबकड्या. ७८ आरपीएमच्या तबकडीवर तीन-साडेतीन मिनिटांत राग बसवायचा असायचा आणि वरचे सूर त्या काळच्या यंत्रात फारसे उतरलेच नाहीत. जे रेकॉर्डिंगमध्ये नाही ते दीड लाखाचा हेडफोन कुठून आणणार? उलट एचडी ८०० एस वरच्या पट्टीला धारदार आहे, तबकडीची खरखर तो आणखी स्वच्छ ऐकवेल! अभिषेकीबुवांची नंतरची टेपवरची गाणी त्यावर खुलतील, ते मान्य.

हे दोन्ही मागून उघडे हेडफोन. बाहेरचं सगळं आत येतं, आतलं बाहेर जातं. आपल्याकडे वर्षातले बहुतेक महिने डोक्यावर पंखा, जूनपासून कौलांवर पाऊस. त्यात तानपुऱ्याचा बारीक झंकार कितीसा पोचेल, आणि शेजारच्या खोलीत आई झोपलेली असते. मित्राच्या बंद, एसी खोलीत हे जाणवलं नसणार.

माझं मत: चवथीला मिळणाऱ्या ४५,००० बोनसमध्ये सेनहायझरचाच एचडी ६०० आणि एक साधा डॅक-अँप (मोबाईलमधला डिजिटल आवाज बदलून वाढवणारी छोटी पेटी) बसतो का, ते विचारा. १९९७ सालचं मॉडेल, अजून टिकून आहे. वजन २६० ग्रॅमच्या आसपास, मखमली पॅड, आणि गळ्याच्या आवाजासाठी नावाजलेलं. सुरुवातीला कानशिलं दाबतं, महिनाभरात सैलावतं. ३०० ओहमचं आहे, म्हणजे विजेला अडथळा जास्त, त्यामुळे नुसत्या मोबाईलवर पुरेसं उघडत नाही. अँप टाळू नका. बोनस पुरत नसेल तर दोन महिने थांबा, केसरबाई पळून जात नाहीत.

एचडी ८०० एस हवाच असेल तर आधी बँकेतली रक्कम दोन लाखांवर जाऊ द्या. वडिलांचं दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या गोवा सरकारच्या आरोग्य विमा योजनेचं कार्ड नूतनीकरण केलंय का, हे पत्रात कुठेच नाही. ते आजच बघा. तिघांच्या कुटुंबाला अडीच लाखांचं कवच मिळतं. त्यानंतर महिन्याला १०,००० बँकेच्या वेगळ्या रिकरिंग ठेवीत टाकून रोखीनं घ्या.

एक घरगुती गोष्ट. माझ्या पहिल्या महागड्या हेडफोनचे रेक्झिनचे पॅड दोन पावसाळ्यांत सोलून काळे तुकडे कानाला चिकटायला लागले, आणि बायकोला वाटलं मला काहीतरी त्वचारोग झालाय. मखमलीलाही बुरशी येते, म्हणून हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवायचं आणि नव्या पॅडचे पैसे दर दोन-तीन वर्षांनी बाजूला काढायचे. घेण्याआधी पणजीत किंवा बंगळुरूत, जिथे मिळेल तिथे, चष्मा लावून एक तास सलग घाला. कानाला कळायच्या आधी मानेला कळेल.