नाल्याकाठचा प्लॉट घेण्याआधी

पावसाळा तोंडावर आला की नागपुरातून झाडं आणि नाल्यांबद्दल तेच प्रश्न पुन्हा येतात. म्हणून उत्तरं इथेच देतो.

प्रश्न : झाड आमच्याच अंगणातलं आहे. तोडायला परवानगी लागते का? (त्रिमूर्तीनगर)

उत्तर : लागते. १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा खासगी आवारालाही लागू आहे. महापालिकेच्या उद्यान विभागात अर्ज करा.

प्रश्न : बेसा भागात नाल्याला लागून प्लॉट स्वस्तात मिळतोय. विकणारा म्हणतो, पाणी कधीच येत नाही, शिवाय पाईप टाकून नाला बुजवून देऊ. घ्यावा का?

उत्तर : बयाणा देऊ नका. असे प्लॉट उन्हाळ्यात दाखवतात, तेव्हा कुठलाही नाला कोरडाच असतो. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आठवा. काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला आणि डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीतल्या घरांत पाणी शिरलं. तिथल्या लोकांनाही पाणी येत नाही असंच वाटायचं. पूर्वी पावसाचं पाणी पडीक जमिनीत मुरायचं. आता सिमेंट रोड आणि गट्टूंवरून (पेव्हर ब्लॉकवरून) ते एकदमच नाल्याकडे धावतं, आणि नाल्याचं पात्र मात्र दोन्ही बाजूंनी मलबा टाकून आवळलेलं! पाईपमध्ये मावेल तेवढंच पाणी जातं. तोंडाशी प्लास्टिक अडकलं की तेही नाही. बाकीचं तुमच्या हॉलमध्ये येणार. 'आरएल', म्हणजे प्लॉट नियमित झाल्याचं पत्र, 'मिळून जाईल' या तोंडी शब्दावर तर मुळीच जाऊ नका. भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशा काढा, त्यात नाला कुठून जातो ते पाहा. पाटबंधारे विभागाकडे पूररेषा विचारा : निळी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. प्लॉट निळ्या रेषेच्या आत असेल तर विषय संपला. रेषाच आखलेली नसेल तर पूर येत नाही, असा अर्थ काढू नका. हे कागद घेऊन आधी नगररचनाकाराला आणि वकिलाला भेटा.

प्रश्न : रस्त्याच्या कामात कडुनिंबाच्या बुंध्यापर्यंत गट्टू बसवले. झाड सुकतंय. (प्रतापनगर)

उत्तर : बुंध्याभोवती किमान १ मीटर माती मोकळी हवी. झोन कार्यालयात आजच लेखी तक्रार द्या, पोच घ्या. गट्टू सब्बलीने, हाताने काढायला सांगा. जेसीबीने मुळं तुटतात आणि पुढच्या वादळात झाड आडवं होतं. खोड पोकळ वाजत असेल तर आधी जाणकाराला दाखवा.

प्रश्न : तोडलेल्या झाडांच्या बदल्यात नवी लावली की भरपाई होते ना?

उत्तर : नाही. २०२१ च्या दुरुस्तीने झाडाच्या वयाइतकी रोपं लावायला सांगितलं आहे, पण शहराबाहेर लावलेलं रोप अजनीत सावली देत नाही. वृक्षतोडीची जाहीर सूचना दिसली की मुदतीत लेखी हरकत घ्या, जमल्यास वकिलाच्या सल्ल्याने. मुदत उलटल्यावर मला फोन करून काही होत नाही.