गावातले खून वाचायला घेताय? मग एवढं ऐका

अगाथा ख्रिस्तीच्या रहस्यकथांमधल्या मिस मार्पलपासून, म्हणजे गावात राहून खुनांचा छडा लावणाऱ्या म्हाताऱ्या बाईंपासून सुरुवात करताय, उत्तम. फक्त सगळी पुस्तकं क्रमानेच वाचायच्या फंदात पडू नका, प्रत्येक गोष्ट स्वतंत्र आहे. आधी १९५० चं 'अ मर्डर इज अनाउन्स्ड' घ्या. गावच्या पेपरात चक्क खुनाची तारीख, वेळ आणि घराचं नाव छापून येतं आणि शेजारीपाजारी काहीतरी निमित्त काढून हजर होतात! मग १९३० चं 'द मर्डर ॲट द व्हिकरेज'.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- चहापाणी, बागकाम, मोलकरणींच्या कुरबुरी ही पानं भराभर उलटतात. अहो, पुरावा तिथेच तर दडवलेला असतो. 'व्हिकरेज'मध्ये पाद्रीबाबांच्या अभ्यासिकेतलं घड्याळ नेहमीच पाव तास पुढे ठेवलेलं असतं. वरवर पाहता घरगुती सवय, पण खुनाच्या वेळेचा घोळ त्यावरच उभा आहे. हे कुणाला ठाऊक होतं आणि कुणाला नाही, तेवढंच बघत राहा.
- नावांचा गोंधळ होतो. कागदावर कोण कुणाचं कोण ते लिहून ठेवा, लाजायचं काही नाही.
- शेवटचं पान आधी बघणं. यावर मी बोलतच नाही.

खुनी सापडला नाही तरी चालेल. खरी गंमत मार्पलबाईंच्या पद्धतीत आहे. संशयिताकडे बघून त्यांना गावातलाच कुणी लबाड माणूस आठवतो आणि तिथून धागा सुटतो.

ख्रिस्तीचा दुसरा गुप्तहेर पॉयरो, त्याला सध्या बाजूला ठेवा.