मांडीचा ‘स्नायू’ आणि गुडघ्यातला हंस

प्रश्न असा आहे: ‘खेळाडूचा एसीएल तुटला की मांडीचा स्नायू काढून गुडघ्यात बसवतात, असं बातम्यांत येतं. हे मराठी बरोबर आहे का? टेंडन आणि लिगामेंटला आपले शब्द कोणते?’

बरोबर नाही. कबड्डीपटू जायबंदी झाला की हेच वाक्य, फुटबॉलपटू झाला तरी हेच. मराठीत स्नायू म्हणजे मसल, आणि तो जागेवरच राहतो. काढतात ती त्याच्या टोकाची कंडरा, म्हणजे टेंडन. स्नायू हाडाला जोडते ती कंडरा, हाडाला हाड बांधतो तो अस्थिबंध. एसीएल हा गुडघ्यातला असाच एक अस्थिबंध, त्याच्या जागी कंडरा बसते. उलट, काढलेल्या कंडरेला चिकटून आलेले स्नायूचे धागे शल्यविशारद शेजारच्या टेबलावर खरवडून टाकतात. जे खरवडून फेकतात तेच बसवलं असं छापायचं, याला काय म्हणावं?

इथे संस्कृतप्रेमी मंडळी हमखास सांगतात की मुळात ‘स्नायू’ म्हणजे मसल नव्हेच. सुश्रुत मसलला पेशी म्हणतो, स्नायूंनी सांधे बांधलेले असतात म्हणतो, आणि गोल स्नायूंना कंडरा हे नाव देतो. सगळं खरं. जखम शिवायच्या धाग्यांतही तो स्नायू धरतो. पण म्हणून आज मराठीत स्नायू म्हणजे लिगामेंट असा हट्ट धरणं मला साफ अमान्य आहे. बंगालीत स्नायू म्हणजे नर्व्ह, म्हणून बंगाली माणसाला आपण चूक ठरवणार का? ग्रीक ‘न्यूरॉन’ आणि लॅटिन ‘नर्व्हस’ हे स्नायूचेच भाऊबंद. तेही आधी कंडरा होते, मग मज्जातंतू झाले. आपल्याकडे दोरीसारख्या सगळ्यांना शीर किंवा नस म्हणून भागत होतं. त्यामुळे रिकामा राहिलेला स्नायू मसलकडे गेला, असं माझं मत आहे. गेला तो गेला.

खरी गंमत कंडरा काढतात त्या जागेच्या नावात आहे. गुडघ्याच्या जरा खाली, नडगीच्या आतल्या बाजूला मांडीच्या तीन स्नायूंच्या कंडरा एकत्र येऊन चिकटतात: सार्टोरियस, ग्रॅसिलिस आणि सेमिटेंडिनोसस. बोटं फाकलेल्या पावलासारख्या त्या दिसतात म्हणून लॅटिन नाव ‘पेस अन्सेरिनस’. आता हे नाव सोलून पाहा. ‘पेस’ म्हणजे आपला पद. ‘अन्सेर’ म्हणजे हंस, आणि तो अर्थानेच नव्हे, रक्तानेही हंसच! लॅटिनमध्ये सुरुवातीचा ‘ह’ गळाला, जर्मनमध्ये ‘गान्स’ झाला, इंग्रजीत ‘गूज’. म्हणजे पेस अन्सेरिनसला मराठीत हंसपद म्हटलं तर ते भाषांतरही ठरत नाही, तेच दोन शब्द घरी येतात. शिवाय हंसपद आपल्याकडे आधीपासून आहेच: लिहिताना सुटलेलं अक्षर ओळीत घ्यायची खूण. तीही पावलाच्या आकारावरूनच.

यावर कुणी म्हणेल, हंस म्हणजे स्वान, गूज नव्हे. आपले कोश तसं लिहितात आणि माझ्या मते चुकतात. स्वान भारतात क्वचितच भरकटत येतो. हिमालय ओलांडून दर हिवाळ्यात जायकवाडीपर्यंत उतरतो तो पट्टकादंब, आणि तो गूजच. कवींनी पाहिलेला हंस तोच असणार. हंसपदाला ‘बदकाचा पाय’ करू नका, एवढी कळकळीची विनंती.

तर, या हंसपदावर साधारण तीन सेंटिमीटरचा छेद घेतात. सार्टोरियसचा पातळ पडदा उघडला की खाली ग्रॅसिलिस, आणि तिच्या खाली सेमिटेंडिनोससची लांब, गोल कंडरा बोटाला लागते. तिच्यापासून पोटरीच्या स्नायूकडे जाणारे आडवे पट्टे आधी तोडावे लागतात. ते राहिले तर स्ट्रिपर वाट सोडतो आणि कंडरा अर्ध्यातच तुटते. स्ट्रिपर म्हणजे लांब दांडीच्या टोकाचं कडं. ते कंडरेवरून मांडीकडे सरकवत नेलं की ती स्नायूपासून सुटून येते. मग तिची चौपदरी घडी, जाडी निदान आठ मिलिमीटर भरावी ही अपेक्षा. याच भागातून त्वचेकडे जाणारा एक मज्जातंतू दुखावला तर गुडघ्याखाली बधिरपणा येतो. तेव्हा रुग्ण म्हणतो ‘नस कापली’, आणि या एका ठिकाणी ‘नस’ चालून जाते.

राहिला दुसरा ग्राफ्ट, म्हणजे एसीएलच्या जागी बसवायचा दुसरा तुकडा: गुडघ्याच्या वाटीखालच्या पट्ट्याचा मधला तिसरा भाग, दोन्ही टोकांना हाडाचे तुकडे ठेवून काढलेला. वाटी हाड, नडगी हाड, म्हणून शरीररचनेची जुनी पुस्तकं त्याला अस्थिबंध म्हणतात. शल्यविशारद टेंडन म्हणतात. मी शल्यविशारदांच्या बाजूने. वाटी हे मांडीच्या पुढच्या स्नायूच्या कंडरेतच घडलेलं हाड आहे, त्यामुळे वाटीखाली चालू राहते तीही तीच कंडरा. ‘वाटीखालची कंडरा’ असं बेलाशक लिहा.