मिली नव्हे, मिलिग्रॅम विचारा

परदेशात बाळंत झालेल्या किंवा तान्हं बाळ घेऊन परदेशी गेलेल्या आयांचे प्रश्न देशागणिक बदलत नाहीत. एका देशातला सल्ला, दुसऱ्या देशातली बाटली आणि तिसऱ्या देशातल्या मैत्रिणीचा व्हॉट्सॲप मेसेज एकाच स्वयंपाकघरात एकत्र येतात आणि घोळ होतो. वारंवार येणारे काही प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : घरात दिवसभर हीटर चालू असतो. चार महिन्यांच्या बाळाला मधूनमधून पाणी द्यावं का?

नाही. सहा महिन्यांपर्यंत फक्त दूध.

प्रश्न : अमेरिकेत आल्यावर पावडरच्या दुधाचा इथला डबा घेतला. पूर्वीप्रमाणे 30 मिली पाण्याला एक चमचा घालते. बाळाला शी फार घट्ट होते. ब्रँड बदलू का?

ब्रँड राहू द्या, आधी डब्यावरचं माप वाचा. अनेक देशांतल्या डब्यांत एक सपाट चमचा 30 मिली पाण्यासाठी असतो. अमेरिकेतल्या बहुतेक डब्यांत तो 2 औंसांसाठी, म्हणजे सुमारे 60 मिलीसाठी असतो. तुम्ही बहुधा दुप्पट दाट दूध पाजत आहात. त्याने शी घट्ट होतेच, शिवाय मूत्रपिंडांवर ताण येतो आणि शरीरात पाणी कमी पडतं. उलटी चूक केली तर दूध पातळ होतं, वजन वाढत नाही आणि रक्तातलं सोडियम उतरून झटकेसुद्धा येऊ शकतात. चमचा त्याच डब्यातला वापरा. आधी पाणी मोजा, मग पावडर घाला. पाणी उकळल्यावर अर्ध्या तासाच्या आत, निदान 70 अंश सेल्सियस असताना पावडर मिसळा, कारण पावडर निर्जंतुक नसते. नंतर बाटली नळाखाली धरून गार करा. उरलेलं दूध फेकून द्या. बाळाला या आठवड्यातच दाखवा; लघवी कमी झाली असेल किंवा ते सुस्त वाटत असेल तर आजच.

प्रश्न : पाच महिन्यांचं बाळ, वजन 6.5 किलो. ताप आला तर पॅरासिटामॉल 2.5 मिली द्या, असं इथल्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं. भारतातून येताना आणलेले पॅरासिटामॉलचे थेंब घरात आहेत. तेच दिले तर चालेल ना?

ही बाटली अजून उघडली नसेल तर उघडू नका. मिली म्हणजे नुसतं आकारमान. औषध किती गेलं ते मिलिग्रॅम सांगतात आणि एका मिलीत किती मिलिग्रॅम हे बाटलीगणिक बदलतं. अमेरिकेत मुलांचं द्रव पॅरासिटामॉल (तिथे त्याचं नाव ॲसिटामिनोफेन) 5 मिलीत 160 मिलिग्रॅम असतं. ब्रिटनमध्ये बाळांसाठीचं 5 मिलीत 120 मिलिग्रॅम. भारतातल्या थेंबांत बरेचदा एकाच मिलीत 100 मिलिग्रॅम असतात आणि सिरपांत 5 मिलीला 120, 125 किंवा 250.

आता हिशोब करा. डॉक्टरांच्या मनात अमेरिकेतली बाटली असेल तर 2.5 मिली म्हणजे 80 मिलिग्रॅम. 6.5 किलोच्या बाळाला ते बरोबर आहे, कारण एका वेळची मात्रा किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅम धरतात. तेवढेच 2.5 मिली तुमच्या थेंबांतून दिले तर 250 मिलिग्रॅम जातील, तिपटीहून जास्त. आणि ताप उतरला नाही म्हणून रात्री दर चार तासांनी असंच देत राहिलात तर बाळाचं यकृत धोक्यात येतं.

तेव्हा पुढच्या वेळी डॉक्टरांना "किती मिली" विचारू नका. बाळाचं ताजं वजन सांगा, "किती मिलिग्रॅम" ते विचारा, हातातल्या बाटलीचं लेबल वाचून दाखवा आणि त्या बाटलीचे किती मिली होतात ते त्यांच्याकडूनच ऐका. दोन डोसांत निदान चार तास जाऊ द्या, चोवीस तासांत चारापेक्षा जास्त डोस नकोत. मोजायला सुई नसलेली सिरिंज घ्या. स्वयंपाकघरातला चमचा हे माप नव्हे आणि एका औषधाचा ड्रॉपर दुसऱ्याला लावायचा नाही. दिलेली मात्रा आणि वेळ फ्रिजवर लिहून ठेवा. रात्री आई देते, पहाटे बाबा देतात आणि दोघांना एकमेकांचं ठाऊक नसतं. सर्दीच्या सिरपांतही पॅरासिटामॉल दडलेलं असू शकतं, ते सोबत दिलं की मात्रा दुप्पट. तसंही तान्ह्या बाळांना सर्दी-खोकल्याची ती सिरपं द्यायचीच नसतात, पुडक्यावर कितीही हसरं बाळ छापलेलं असो.

मात्रा जास्त गेल्याचा संशय आला तर उलटी होते का, याची वाट बघत बसू नका. पहिल्या दिवशी बाळ ठणठणीत दिसू शकतं आणि यकृताची हानी नंतर कळते. उतारा पहिल्या आठ तासांत दिला तर सर्वांत चांगला लागू पडतो. विषबाधा हेल्पलाइनला किंवा आपत्कालीन नंबरला लगेच फोन करा, बाटली हातात ठेवा.

आणखी एक. बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल आणि ताप 38 अंश किंवा जास्त असेल, तर घरी औषध देऊन सकाळची वाट पाहायची नाही. रात्री दोन वाजता असेल तर रात्री दोन वाजता रुग्णालयात जायचं. लसीनंतरच्या तापासाठी डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं असेल तेवढाच अपवाद.

प्रश्न : व्हिटॅमिन डीचे थेंब रोज किती द्यायचे? ग्रुपवर कुणी एक थेंब म्हणतं, कुणी एक मिली.

दोघी आपापल्या बाटलीबद्दल खरं बोलत असतील. तुमच्या बाटलीबद्दल त्यांना काय माहीत? नेहमीची मात्रा रोज 400 आययू (IU, व्हिटॅमिन मोजायचं आंतरराष्ट्रीय एकक), म्हणजे 10 मायक्रोग्रॅम. काही बाटल्यांत ती एका थेंबात असते, काहींत एका मिलीत. एका थेंबाच्या बाटलीतून ड्रॉपरभर दिलं तर बाळाला कित्येक दिवसांची मात्रा एकदम जाते. अमेरिकेच्या औषध नियामकाने 2010 मध्ये नेमक्या याच चुकीबद्दल इशारा दिला होता. अंगावर पिणाऱ्या बाळाला हे द्यायलाच हवं. बाळ पुरेसं पावडरचं दूध पीत असेल तर गरज नसते, पण "पुरेसं" किती हे देशागणिक वेगळं धरतात. डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : इथली नर्स वजनाच्या तक्त्यात बाळाला खालच्या रेघेवर दाखवते. हे तक्ते गोऱ्या मुलांचे आहेत, आपल्या बाळांना लागू नाहीत, असं सगळे म्हणतात.

सगळे चुकीचं म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेचे 2006 चे तक्ते ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतल्या बाळांच्या मोजमापांवर बेतलेले आहेत. दोन वर्षांखालच्या मुलांसाठी अमेरिका आणि ब्रिटनही तेच वापरतात. बाळ खालच्या रेघेवर असणं हा आजार नाही. वरच्या रेघेवरून दोन रेघा खाली घसरलं तर मात्र कारण शोधावं लागतं. मागच्या सगळ्या नोंदी नर्सला दाखवा.

प्रश्न : बाळ सलग झोपावं म्हणून वजनदार स्लीप सॅक (बाळाच्या अंगात घालायची झोपेची पिशवी) आणि कडेने उशा असलेलं "घरटं" मागवावं का? जाहिरातीत डॉक्टर दिसतात.

पांढरा कोट भाड्यानेही मिळतो. घेऊ नका. बाळाला उताणं, टणक आणि सपाट गादीवर, स्वतःच्या पाळण्यात, तुमच्याच खोलीत झोपवा. उशी, दुलई, मऊ खेळणी काही नको. उतरत्या झोपाळ्यांत बाळं दगावली, म्हणून अमेरिकेने 2022 च्या कायद्याने 10 अंशांपेक्षा जास्त उताराची झोपेची साधनं विक्रीतून बाद केली. थंडीसाठी मापाची साधी स्लीप सॅक पुरते. तान्हं बाळ रात्री उठणारच, ते पोट लहान असल्याचं लक्षण आहे. ज्या कंपनीला तो दोष वाटतो तिला काहीतरी विकायचं असतं.

प्रश्न : कार सीटमध्ये जाड जॅकेट घालून बसवलं तर चालेल?

नाही. अपघातात जॅकेटमधली हवा दबते आणि पट्टा सैल पडतो. पट्टा आवळा, मग वरून पांघरूण घाला.

प्रश्न : बाळ आठ महिन्यांचं होईल तेव्हा मायदेशी जाणार आहोत. इथे गोवराची लस वर्षाची झाल्यावर देतात. परत आल्यावर घेऊ का?

जाण्याआधी घ्या. गोवर असलेल्या भागात जाणाऱ्या बाळाला सहा महिन्यांनंतर जादा डोस देता येतो. तो नेहमीच्या दोन डोसांत धरत नाहीत, तेव्हा ते दोन्ही पुढे घ्यावेच लागतात. निघण्याच्या दोन आठवडे तरी आधी डोस व्हायला हवा आणि अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो, म्हणून तिकीट काढाल त्याच दिवशी दवाखान्यात फोन करा. विमानतळावरून ईमेल करून उपयोग नसतो. लसींचं मूळ कार्ड सोबत ठेवा.

प्रश्न : घरी मराठी, पाळणाघरात दुसरी भाषा. बोलायला उशीर होईल का?

दोन भाषांमुळे उशीर होत नाही. दीड वर्षाचं होईपर्यंत कुठल्याच भाषेत एकही शब्द नसेल तर कान तपासून घ्या. "मुलगे उशिराच बोलतात" यावर विसंबू नका.

प्रश्न : बाळंतपणाला सात आठवडे झाले. बाळ झोपलं तरी मला झोप येत नाही, सारखं रडू येतं. नवरा म्हणतो, आई आली की बरं वाटेल. तिचा व्हिसा व्हायला दोन महिने आहेत.

व्हिसाची वाट पाहू नका, याच आठवड्यात डॉक्टरांना किंवा सुईणीला भेटा. पहिल्या दिवसांतलं रडू साधारण दोन आठवड्यांत थांबतं. सातव्या आठवड्यापर्यंत टिकलं आणि झोपही उडाली, तर ते प्रसूतीनंतरचं नैराश्य असू शकतं. 1987 पासून वापरात असलेली दहा प्रश्नांची एडिंबरा प्रश्नावली काही मिनिटांत भरून होते, तीच मागा. थायरॉइड आणि हिमोग्लोबिनही तपासायला सांगा, कारण त्यांच्या बिघाडानेही असंच वाटतं. स्तनपान चालू असताना देता येतील अशी औषधं आहेत, तेव्हा दूध तोडावं लागेल या भीतीने गप्प राहू नका. भाषेची अडचण असेल तर दुभाषा मागा. नवऱ्याला दुभाषा करू नका, काही गोष्टी त्याच्यासमोर बोलवत नाहीत. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार आले, किंवा नसलेले आवाज ऐकू आले, तर अपॉइंटमेंट न घेता त्याच क्षणी आपत्कालीन नंबर लावा.

प्रश्न : विमानात कान दुखू नयेत म्हणून झोपेचं औषध द्यावं का?

मुळीच नाही. विमान उतरायला लागलं की बाळाला पाजा. कानातून पू येत असेल किंवा सर्दीबरोबर ताप असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना दाखवा.